सिल्क रोड: ऑनलाइन बाजार चालवला म्हणून मरेपर्यंत तुरुंग, पटतं का तुम्हाला?

नंदू_गिरगावकर
परवा चर्नी रोडला बोरिवली स्लो पकडली, कॉलेजचा मित्र भेटला आणि सिल्क रोडचा विषय निघाला. बोरिवली आली तरी भांडण मिटलं नाही म्हणून इथे टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉस उलब्रिक्ट नावाच्या अमेरिकन पोराने २०११ च्या सुरुवातीला एक वेबसाइट काढली. टॉर नावाच्या, ओळख लपवणाऱ्या ब्राउझरमधूनच उघडायची, पैसे फक्त बिटकॉइनमध्ये. विकायला मुख्यतः ड्रग्ज, शिवाय खोटी कागदपत्रं वगैरे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक लायब्ररीत त्याला पकडला. एक बाई आणि एक पुरुष त्याच्या मागे भांडायला लागले, त्याने मान वळवली तेवढ्यात चालू लॅपटॉप उचलला, दोघंही पोलिसांचेच. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने शिक्षा दिली, दोन जन्मठेपा आणि वर ४० वर्षं, पॅरोल नाही. वय ३१. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पने संपूर्ण माफी दिली आणि तो बाहेर आला, म्हणजे साधारण सव्वाअकरा वर्षं आत काढली.

माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हा होता, शिक्षा हवीच होती, पण मरेपर्यंत? २६/११ च्या आधी आपल्या शहरात हिंडून जागा हेरून गेलेल्या डेव्हिड हेडलीला त्याच अमेरिकेने २०१३ मध्ये ३५ वर्षं दिली. १६६ माणसं गेली आपली. त्याला ३५ आणि वेबसाइटवाल्याला दोन जन्मठेपा, हे गणित मला काही केल्या सुटत नाही. तुमचं मत सांगा.

सायली_वि
नाव वाचून वाटलं रेशमाबद्दल आहे, मी पैठणीचे भाव विचारायला आले होते 😄 आता आलेच आहे तर वाचते.

रोखठोक_पक्या
बरोबर शिक्षा होती, कमीच म्हणेन. 'वेबसाइटवाला' काय रे नंदू, भाजीची वेबसाइट होती का? दर विक्रीमागे कमिशन खात होता. त्याला रोज दिसत होतं काय विकलं जातंय. पहिला माल तर त्याने स्वतः उगवलेल्या मशरूमचा टाकला होता. आणि माणसं मारायच्या सुपाऱ्या दिल्या ते कुठे गेलं तुझ्या पोस्टमध्ये? आमच्या नाक्यावर एमडीच्या पुड्या विकणाऱ्या पोराला पोलिस उचलतात, त्याची आई पोलिस स्टेशनबाहेर बसते. आणि हा शिकलेला, इंजिनियर, इंग्रजी बोलणारा, म्हणून आपल्याला दया. गरिबाला एक न्याय आणि लॅपटॉपवाल्याला दुसरा असं चालणार नाही.

अण्णा_चिंचपोकळी
पक्या, शेवटचं वाक्य मनापासून पटलं.
पण बेकायदा बाजार चालवणं मुंबईला नवीन नाही रे बाबांनो. आमचं बालपण गिरणगावात गेलं, मटका डोळ्यांनी बघितलाय. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेने यायचा, त्यावर आकडा लागायचा. १९६१ ला ते भाव येणं थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आपापले मटके काढले. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवर उभ्या राहायच्या, नवरा मटक्याच्या अड्ड्यावर पोचायच्या आत पाकीट हातात पडावं म्हणून. घरं बुडाली, खोटं सांगत नाही. आणि जुगाराचा कायदा कुठला, तर १८८७ सालचा. खत्री आणीबाणीत दीडएक वर्ष आत होता एवढंच. तर मुद्दा असा की एकाच प्रकारच्या कामाला एका ठिकाणी दीड वर्ष आणि दुसरीकडे दोन जन्म, मधलं काही आहे की नाही?

रोखठोक_पक्या
अण्णा मटक्याने माणूस कंगाल होतो, ड्रग्जने मरतो. फरक आहे.

अण्णा_चिंचपोकळी
कंगाल झालेले पण मेलेत रे. आमच्या शेजारच्या खोलीतच. असो.

अॅड_मुग्धा
सेशन्स कोर्टात एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या केसेस करते म्हणून लिहिते, लांब होईल.

आधी सुपारीचं. हे अर्धवट सांगितलं जातं, दोन्ही बाजूंनी. चॅट होते, पैसे पाठवल्याचं रेकॉर्ड होतं, ते कोर्टासमोर आलं. खून मात्र एकही झाला नाही. पहिली सुपारी ज्याने 'घेतली' तो अमेरिकेच्या ड्रग्ज खात्याचाच अधिकारी होता, वेश बदलून, त्याने खोटे फोटो काढून पाठवले. पुढे तोच अधिकारी आणि सीक्रेट सर्व्हिसचा एक जण याच तपासात बिटकॉइन खाताना सापडले, दोघांना सहा-साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. सुपारीचा गुन्हा मेरीलँडमध्ये वेगळा लावला होता, तो २०१८ मध्ये मागे घेतला. न्यूयॉर्कच्या ज्युरीपुढे खुनाच्या कटाचा स्वतंत्र आरोप नव्हता, पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी तो भाग धरला. इथे मला वकील म्हणून टोचतं. ज्या गोष्टीवर ज्युरीने दोषी म्हटलेलंच नाही तिचं वजन शिक्षेच्या तराजूत का टाकायचं? २०१७ ला वरच्या कोर्टाने अपील फेटाळलं, म्हणजे त्यांच्या कायद्यात ते बसतं. मला बसत नाही.

दुसरं, त्याच्यावर टोळीप्रमुखांसाठीचं जे कलम होतं त्यात कमीत कमी २० वर्षं ठरलेलीच आहेत. सरकारी वकिलांनी त्यापेक्षा बरीच जास्त मागितली होती. आरोपीने न्यायाधीशांना पत्र लिहून विनवलं होतं की माझी मधली वर्षं घ्या पण म्हातारपण ठेवा. तेही ठेवलं नाही.

तिसरं, आपल्याकडे हेच केलं असतं तर? एनडीपीएस १९८५ चा. कलम २५ आहे, आपली जागा किंवा गाडी माहीत असून अशा धंद्याला वापरू दिली तर जागेच्या मालकाला त्याच गुन्ह्याची शिक्षा. कट आणि मदत असेल तर कलम २९. पैसा पुरवला तर २७अ, तिथे १० ते २० वर्षं सश्रम. व्यावसायिक प्रमाणात माल असला तरी १० ते २०. आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. त्यामुळे अमेरिकाच कडक आणि आपण मऊ असं समजू नका.

नंदू_गिरगावकर
मुग्धाताई, पण आपल्याकडे जन्मठेप म्हणजे १४ वर्षंच ना?

अॅड_मुग्धा
नाही हो. हा गैरसमज कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये पण ऐकू येतो. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच सांगितलं, तेही आपल्याच महाराष्ट्राच्या केसमध्ये, गोपाळ गोडसेच्या. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली तर सरकार १४ वर्षांच्या आत सोडू शकत नाही, एवढाच त्या १४ चा अर्थ. १४ नंतर सोडायलाच हवं असं कुठेही नाही. पण सूट मागायचा रस्ता तरी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगात १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोलच नाही, म्हणून तिथली जन्मठेप खरोखर पेटीतूनच बाहेर येते, नाहीतर राष्ट्राध्यक्षांच्या सहीने.

कोडकर
मी ऐरोलीला बॅकएंडचं काम करतो तर टेक्निकल बाजूने दोन पैसे.

मुग्धाताईंच्या कलम २५ मधली 'जागा वापरू दिली' ही तुलना थोडी अपुरी पडते. तो बाजार नुसता फळा नव्हता जिथे कुणीही येऊन जाहिरात चिकटवेल. एस्क्रो होतं, म्हणजे घेणाऱ्याचे बिटकॉइन बाजाराकडे अडकून राहणार, माल पोचला असं त्याने सांगितलं की विकणाऱ्याला मिळणार आणि मधे कमिशन कापलं जाणार. विकणाऱ्याला रेटिंग, तक्रार निवारण, सपोर्टला पगारी माणसं, काय विकायचं नाही याचे नियम. हे सगळं बांधायला डोकं आणि वेळ लागतो, चुकून होत नाही. म्हणून पक्याचं हे मान्य की त्याला सगळं माहीत होतं.

पण शिक्षा ज्या कारणासाठी एवढी मोठी दिली ते कारण बघा, बाकीच्यांना जरब बसावी. बसली का? सिल्क रोड बंद झाल्यावर महिनाभरात सिल्क रोड २.० उघडलं. मग अल्फाबे आलं, एफबीआयनेच सांगितलं की ते सिल्क रोडच्या दहापट होतं, आणि ते वाढलं कधी तर २०१५ ते २०१७, म्हणजे दोन जन्मठेपांची बातमी जगभर छापून आल्यावर. चालवणारा कॅनडाचा २५ वर्षांचा पोरगा, बँकॉकला जुलै २०१७ मध्ये पकडला आणि आठवडाभरात कोठडीत मेलेला सापडला.

आता खरी गंमत ऐका. अल्फाबे बंद झाल्यावर सगळे धावत हान्सा नावाच्या दुसऱ्या बाजारात गेले. आणि हान्सा तोपर्यंत डच पोलिसांनी गुपचूप ताब्यात घेतलेलं! महिनाभर पोलिसच दुकान चालवत होते, पत्ते उतरवून घेत होते. त्यानंतर लोकांमध्ये जी भीती पसरली ती वेगळीच होती, कारण आता समोरचा दुकानदार पोलिस आहे की काय हेच कळेना. कितीही मोठा आकडा छापा, ज्याला वाटतं मी सापडणारच नाही त्याला तो आकडा स्वतःचा वाटतच नाही.

सायली_वि
डच पोलिसांनी सपोर्टच्या तक्रारी पण सोडवल्या असतील ना? 😄

कोडकर
हो, सोडवल्या! चांगली सेवा दिली म्हणे, नाहीतर गिऱ्हाइकांना संशय आला असता.

टपालवाले_काका
निवृत्त आहे, टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली काही परदेशी टपालाच्या कामावर बॅलार्ड इस्टेटला. खात्याचं आतलं काही लिहिणार नाही. पण तुम्ही सगळे वेबसाइट वेबसाइट म्हणताय, माल शेवटी पाकिटातूनच येतो. इंटरनेटवरून पावडर येत नाही. पेपरात वाचलं असेल तुम्ही, त्याच इमारतीतून पार्सलं पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. खेळण्यात, पुस्तकाच्या पुठ्ठ्यात, शुभेच्छापत्रात. पत्ता खरा, नाव खोटं. आणि घ्यायला येतो तो विशीतला पोरगा, कॉलेजची बॅग पाठीला. पकडला जातो तो हाच. बाजार चालवणारा दहा हजार मैलांवर.

मोठ्याला मोठी शिक्षा झाली तर मला वाईट वाटत नाही. त्या पोरासाठी वाटतं.

अॅड_मुग्धा
काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. एलएसडी या ड्रगची व्यावसायिक मर्यादा ०.१ ग्रॅम आहे. एलएसडी शोषलेला कागद येतो, पोस्टाच्या तिकिटासारखा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, आणि २०२१ मध्ये आपल्या हायकोर्टाने तो कागदही वजनात धरला. म्हणजे बोटांवर मोजण्याइतके तुकडे झाले की १० वर्षांचं किमान कलम. गांजाची व्यावसायिक मर्यादा २० किलो. गोण्या भरून गांजा आणणारा आणि पाकिटात कागद मागवणारा एका रांगेत बसतात. इथे शिक्षा न्यायाधीशाच्या हातात राहतच नाही, किमान आकडा कायद्याने आधीच लिहिलेला. याच कायद्यात दुसऱ्यांदा गुन्ह्याला सक्तीची फाशी होती, ती सक्ती मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली, मग २०१४ ला संसदेने तिथे पर्याय दिला. सक्ती काढली की न्यायाधीश माणसाकडे बघू शकतो, एवढंच माझं मागणं.

चाळकरी_भाऊ
आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा अशाच पार्सलच्या केसमध्ये चार वर्षं कच्चा कैदी होता. जेलचं नाव लिहीत नाही. मी काकूंसोबत दोनदा मुलाखतीला गेलोय. सकाळी सातला नंबर लावायचा, दुपारी काचेपलीकडे तो दिसणार, फोनवर वीस मिनिटं. काकू सगळा वेळ फक्त जेवलास का एवढंच विचारत राहिल्या, केसबद्दल एक शब्द नाही. पार्सलवर त्याचं नाव होतं पण मागवलं दुसऱ्याने हे कोर्टात सिद्ध झालं आणि निर्दोष सुटला. चार वर्षांचं काय? नोकरी गेली, लग्न मोडलं. कुणी सॉरी पण म्हणालं नाही. कडक शिक्षा मागताना पक्या हे पण धर मनात.

रोखठोक_पक्या
भाऊ ते वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तो निर्दोष होता. मी दोषी ठरलेल्या मोठ्या माणसाबद्दल बोलतोय. दोन गोष्टी मिसळू नका.

कोडकर
पक्या, ठीक आहे, मोठ्यांचंच बोलू. ब्रिटनमध्ये सिल्क रोड २.० वाल्याला २०१९ ला ५ वर्षं ४ महिने. जर्मनीत वॉल स्ट्रीट मार्केटवाल्यांना २०२१ ला सहा ते आठ वर्षांच्या मधे. उलब्रिक्टचा सल्लागार होता त्याला अमेरिकेत २०२३ मध्ये २०. रशियात हायड्रावाल्याला डिसेंबर २०२४ ला जन्मठेप. काम जवळपास एकच आणि शिक्षा पाचपासून मरेपर्यंत, कुठल्या देशात हातकडी पडली त्यावर.

आणि अजून एक, सिल्क रोडवर सर्वांत जास्त माल विकणारा म्हणून जो डच माणूस पकडला त्याला त्याच अमेरिकेत १० वर्षं. विकणाऱ्याला १०, दुकान उभारणाऱ्याला मरेपर्यंत.

सुमेधा_ठाणे
दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ २०१९ मध्ये गेला. २३ वर्षांचा होता. बी.कॉम. झालेला, नोकरी लागून आठ महिने झाले होते. तो काय घेतोय ते आम्हाला कळलंच नाही, रात्री जागायचा तर आम्हाला वाटायचं फोनवर गेम खेळतो. फोनवरूनच मागवायचा. प्रोटीन पावडरच्या डब्यातून यायचं. त्यातलं एक पार्सल मी सही करून घेतलंय. दारात उभं राहून मी कुरिअरवाल्याला पाणी दिलं, डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि ओरडले पण, की एवढे पैसे पावडरवर कशाला घालतोस, आई घरी अंडी उकडून देते ना.

पक्या, तुमचं सगळं मला पटतं. त्या न्यूयॉर्कच्या कोर्टात मुलं गेलेल्या आई-वडिलांना बोलू दिलं होतं असं वाचलंय. मला कुणी बोलू दिलं असतं तर मी पण जन्मठेपच मागितली असती, त्या दिवशी फाशी मागितली असती.

पण कोडकरांचं वाचून काल झोप लागली नाही. आमच्या केसमध्ये कुणी सापडलंच नाही. पोलिसांनी फोन नेला, जबाब घेतले, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा निघाला आणि फाईल तिथेच राहिली. म्हणजे दहा वर्षं की वीस की मरेपर्यंत हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मला पाच वर्षंसुद्धा चालली असती हो. कुणीतरी समोर उभा राहिला असता आणि मी विचारलं असतं, तुला माहीत होतं का डबा कुणाच्या घरी जातोय?

रोखठोक_पक्या
ताई 🙏 काही लिहिता येत नाहीये.

टपालवाले_काका
सुमेधाताई, सही करून घेणाऱ्याची चूक नसते. हे मी नोकरीत हजारो सह्या घेतलेला माणूस म्हणून सांगतो. ते मनातून काढा.

अण्णा_चिंचपोकळी
पोरी, काका म्हणतात ते ऐक.
आमच्या वेळेला ८० च्या दशकात गर्द आली होती, गिरण्यांच्या संपाच्या आगेमागे. पोरं पुलाखाली पडलेली असायची, लोक गर्दुल्ला म्हणून लाथ मारून जायचे. तेव्हा अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं, आमच्या गल्लीतली दोन पोरं तिथे गेली, एक आज रिक्षा चालवतोय, नातू आहे त्याला. दुसरा वाचला नाही. पुड्या विकणारे तेव्हाही सापडले नाहीत, नुसते पडलेले सापडायचे.

रोखठोक_पक्या
एक कबूल करतो. मी पोस्ट टाकली तेव्हा डोक्यात शिक्षेचा आकडाच होता. सुमेधाताईंचं वाचल्यावर वाटतं माझा राग आकड्यावर खर्च झाला. तरी उलब्रिक्टला सरसकट माफी मला पटलेली नाही, शिक्षा कमी करून वीस ठेवली असती तर मान्य केलं असतं. मेलेल्या मुलांच्या आई-वडिलांना माफीच्या दिवशी काय वाटलं असेल?

नंदू_गिरगावकर
पक्या, इथे मी तुझ्या बाजूने आहे. दोन जन्मठेपा जास्त होत्या असं मी अजून म्हणतो, पण माफी म्हणजे शिक्षेबरोबर गुन्हाही माफ केला. शिक्षा कमी करायचा वेगळा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे असतोच, तो वापरता आला असता. आधी सगळं आयुष्य घेतलं, मग एका सहीत सगळं परत दिलं, दोन्ही वेळेला त्याने नेमकं किती केलं हे कुणी मोजलंच नाही. मित्राला हा धागा पाठवलाय, तो म्हणतो १५ ते २० मध्ये कुठेतरी. मी १५ म्हणतो. मुग्धाताई तुम्ही?

अॅड_मुग्धा
२०, आणि दहा वर्षांनी कोर्टाने परत एकदा माणूस बघावा, बदललाय का ते.

सुमेधा, फाईल बंद झाली असेल तर कुठल्या अहवालाने बंद झाली ते आधी बघावं लागेल, 'ए समरी' असेल तर गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही असा अर्थ, आणि नवीन माहिती आली तर पुढचा तपास मागता येतो. ते कुरिअरचं पाकीट किंवा डबा अजून आहे का तुझ्याकडे? व्यक्तिगत निरोप कर, फी वगैरे काही नाही.

चाळकरी_भाऊ
आणि कुणाच्या घरी आत्ता असं काही चाललं असेल तर १९३३ वर फोन करता येतो, एनसीबीची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याची मानस हेल्पलाइन, २०२४ पासून आहे. नाव न सांगता पण माहिती देता येते.

सुमेधा_ठाणे
डबा आहे. आईने त्यात रवा भरून ठेवलाय, तिला मी कधी सांगितलं नाही. झाकणावरचं लेबल मी तेव्हाच काढून वहीत चिकटवलं होतं. निरोप केलाय मुग्धाताई.